प्रार्थना कुठे संपते?

संध्याकाळी उत्तनच्या आमच्या घरी ‘आमच्या बापा’ सुरू झालं की मी आणि माझी मुलं वाइटापासून सुटका मागून थांबतो. जावई मात्र एक वाक्य पुढे जातात. राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचंच, असं म्हटल्यावरच त्यांचं आमेन होतं. ते नगरकडचे प्रॉटेस्टंट, आम्ही किनाऱ्यावरचे कॅथलिक. नातीने विचारलं, “आजी, बरोबर कोणाचं?” मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पाठभेदाचा प्रश्न मला टाळता येणार नव्हता.

ही प्रार्थना मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत येते. लूककडे ते वाक्य नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ते काही प्रतींत आहे, काहींत नाही. मत्तयच्या हातची ग्रीक पोथी उरलेली नाही, उरल्या त्या नकलांच्या नकला. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितं आज ठाऊक आहेत आणि उशिराच्या बहुतेक प्रतींत हे वाक्य सापडतं. पण चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या प्रती, सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या मठात मिळालेली ‘सिनायटिकस’ आणि रोमची ‘व्हॅटिकानस’, मत्तयची प्रार्थना त्याआधीच संपवतात.

मग बहुमताचं ऐकायचं की वयाचं? अभ्यासक तिसराच प्रश्न विचारतात: लेखनिकाच्या हातून काय होण्याचा संभव जास्त? देवाच्या स्तुतीचं वाक्य कोणी मुद्दाम गाळेल, हे पटत नाही. उपासनेत रोज म्हटलेलं वाक्य लिहिताना आपसूक उतरणं मात्र सहज शक्य आहे. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत या प्रार्थनेनंतर असंच स्तुतिवाक्य येतं, पण त्यात ‘राज्य’ नाही. म्हणजे लोक ते म्हणत होते आणि त्याचे शब्द अजून पक्के ठरले नव्हते.

पुढचा प्रवास आमच्या घरापर्यंत येतो. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ते वाक्य नव्हतं. तीच परंपरा पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर सोळाव्या शतकात वसई-उत्तनच्या पट्ट्यात आली. इरॅस्मसने 1516 साली छापलेला ग्रीक नवा करार उशिराच्या हस्तलिखितांवर उभा होता, त्यात ते होतं. तिथून ते 1611 च्या इंग्रजी बायबलात आलं आणि 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं उभारणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या तोंडी ते बसलेलंच होतं. आता तर 1969 च्या सुधारणेनंतर आम्ही कॅथलिकही मिस्साच्या वेळी ते म्हणतो, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना होते.

प्रती ताडून पाहणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धशतकाची मेहनत घेतली. श्रद्धा आणि पाठचिकित्सा या मातीत एकत्र नांदल्या आहेत. म्हणून बायबलात अशा वाक्याखाली तळटीप बघून बिचकणाऱ्या भाविकांबद्दल मला कळकळ वाटते. भाषांतरकाराने अशा वाक्याला कंस घातला, तर त्याने आपल्याला विश्वासात घेतलं असं मी मानते.

भाषांतराचं काम किती नेटाचं आहे, ते पंडिता रमाबाईंकडे पाहून कळतं. संस्कृतच्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा भाषेत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. याच प्रार्थनेत रोजच्या भाकरीसाठी जो ग्रीक शब्द आहे, तो या प्रार्थनेखेरीज जवळजवळ कुठेच आढळत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनलाही तो शुभवर्तमानकारांनी घडवलेला वाटला होता आणि जेरोमने मत्तयमध्ये त्याचं एक भाषांतर केलं, लूकमध्ये दुसरं. अशा शब्दापाशी रमाबाईंसारख्या भाषांतरकाराला निर्णय घ्यावाच लागतो. खाडीपलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनीही ‘सुबोध बायबल’ करताना हीच जबाबदारी पेलली.

नातीला मी सांगितलं की बाबांचं ते शेवटचं वाक्य बहुधा मत्तयने लिहिलेलं नाही, पण ख्रिस्ती माणसं ते फार जुन्या काळापासून म्हणत आली आहेत. सिनायटिकसची पानं 2009 पासून इंटरनेटवर पाहता येतात. आम्ही दोघींनी सहावा अध्याय शोधून काढला. ग्रीक अक्षरं तिला लागली नाहीत, म्हणून ओळ कुठे तुटते ते बोटाने दाखवलं. जावई आता मार्कचा सोळावा अध्याय घेऊन बसले आहेत, कारण याच दोन जुन्या प्रतींत तो आठव्या वचनावर थांबतो.