खोगिराचें तेल

आम्हां बोनकोडेकरांस घोड्यांवरील वाहतूक आजही चालूं असलेली पाहावयाची तर माथेरान जवळ. तेथें खासगी मोटारींस मज्जाव असल्यामुळें पुष्कळसे प्रवासी घोड्यावरूनच जातात. तेथील तांबडी धूळ, घोड्याचा घाम आणि पाऊस यांमुळें कातड्यांतील स्निग्धांश नाहींसा होतो. मग तंग ताठरतो, रिकिबीच्या पट्ट्यास भेगा पडतात, आणि चालतां चालतां पट्टा तुटला कीं स्वार खालीं येतो. म्हणून तेलाची निवड ही केवळ शोभेची बाब नव्हे.

तेलांचे मुख्यतः दोन वर्ग करतां येतील: वाळणारीं आणि न वाळणारीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. रंगाऱ्यास तें उपयोगी, पण खोगिरास घातक. कारण त्याचा कडक थर वांकणाच्या जागीं तडकतो. शिवाय त्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. एरंडेल वाळत नाहीं. तें दाट असल्यानें मात्र त्याची वाटी ऊन पाण्यांत ठेवून तें कोमट करावें. खोबरेलानेंही मऊपणा येतो, पण सुमारें २४ अंश सेल्सिअसखालीं तें थिजतें. परदेशांत गुरांच्या पायांच्या हाडांचें, ‘नीट्सफूट’ नांवाचें तेल वापरतात. ज्यांस प्राणिज तेल वर्ज्य असेल, त्यांनीं एरंडेल घ्यावें.

आतां रंगाविषयीं. हिरड्यानें किंवा बाभळीच्या सालीनें कमावलेलें कातडें तेलानें गडद होतें. माती भिजली म्हणजे काळसर दिसते, तसाच हा प्रकार. क्रोमनें कमावलेलें कातडें तितकें गडद होत नाहीं. एकदां चढलेला रंग सहसा उतरत नाहीं. यास्तव प्रथम आंतल्या बाजूस, न दिसणाऱ्या जागीं, थेंबभर लावून पाहावें. काळेपणाच्या हौसेनें मोटारीचें जळकें तेल मात्र मुळींच लावूं नये. त्यांतील काजळी घोड्याच्या अंगास आणि स्वाराच्या कपड्यांस लागते.

तेल लावण्यापूर्वीं धूळ व घाम ओल्या फडक्यानें पुसून कातडें सावलींत सुकवावें. मग खरबरीत बाजूनें पातळ हात फिरवावा, एक दिवस जाऊं द्यावा, आणि गरज वाटली तरच दुसरा हात द्यावा. अति तेलानें पट्टा लिबलिबीत होऊन ताणला जातो. शेवटीं प्रत्येक पट्टा दुमडून पाहावा. भेग तंतूंपर्यंत गेली असेल, तर कोणतेंही तेल ती सांधीत नाहीं. असा पट्टा बदलूनच घोड्यावर स्वार बसवावा.