फोटोतला फोटो

यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांचे फोटो काढायला फार लांबून माणसं आली. मुंबई-दिल्लीहून आली, परदेशातूनही आली. त्यांनी नेलेले फोटो एका ओळीत लावले, तर पुष्कळदा मांडणी तीच दिसते. पोपडे निघालेली भिंत, उंबऱ्याशी बसलेली बाई आणि तिच्या हातात नवऱ्याची तसबीर. बाईचा फोटो कोणी काढला, ते कडेला बारीक अक्षरात छापलेलं असतं. तसबिरीतला फोटो कोणी काढला, ते कुठेच नसतं.

तो ढाणकीसारख्या गावात तयार झालेला असतो. ढाणकी उमरखेड तालुक्यातली. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. बाजारपेठेचं गाव, आता नगरपंचायत. कापूस आणि सोयाबीनचे पैसे आले की इथल्या स्टुडिओत लग्नाच्या ऑर्डरी येतात. पीक गेलं की वेगळ्या येतात.

तिथल्या एका स्टुडिओत मी दुपारभर बसलो होतो. निळा पडदा, दोन छत्र्या, झेरॉक्सचं मशीन. मालकांनी कामाची पद्धत सांगितली. घरचे लोक बहुधा आधार कार्ड किंवा बँकेच्या पासबुकावरचा फोटो घेऊन येतात. त्यावर शिक्का अर्धा चेहऱ्यावर आलेला असतो. तो स्कॅन करायचा, शिक्का पुसायचा, टोपी असेल तर विचारून ठेवायची, शर्टाची फाटकी कॉलर बदलायची. कोणी कोट घालायला सांगतं. जन्मात अंगाला न लागलेला कोट असा मेल्यावर मिळतो. मग मोठी प्रिंट, लॅमिनेशन, फ्रेम. “जित्तेपणी मोठा फोटो कोनी काढत नाही, सर,” ते म्हणाले. “अन् हासरा पाहिजे म्हनतेत. आधार कार्डावर कोन हासते?”

जगभरच्या वृत्तछायाचित्रणाचा आढावा घ्यायचा म्हणून मी पुस्तकं चाळत होतो, त्यात मालकांचं हे वाक्य मध्येच येऊन बसलं. मग मॅग्नम एजन्सी 1947 ची, वर्ल्ड प्रेस फोटोची स्पर्धा 1955 पासूनची, ही सनावळी मागे पडली आणि प्रत्येक गाजलेल्या फोटोपुढे मी एकच विचारू लागलो: यातल्या माणसाचं नाव काय?

आपल्याकडच्या दुष्काळाच्या जुन्या फोटोंपासूनच उत्तर वाईट आहे. 1876-78 च्या मद्रास दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याने हाडाचे सापळे झालेल्या माणसांना ग्रुप फोटोसारखं रांगेत बसवलं आणि कॅमेऱ्याची काच उघडली. नावं टिपली नाहीत. 1943 च्या बंगालमध्ये सुनील जाना हिंडले, त्यांचे फोटो मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’मध्ये छापून आले. नजर बदलली होती, माणूस करुणेने पाहिला जात होता. नावं तरीही क्वचितच.

डोरोथिया लँगचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. बत्तीस वर्षांची आई आणि तिच्या खांद्यात तोंड लपवलेली पोरं. महामंदीचा चेहरा म्हणून हा फोटो जगभर गेला. लँगने बाईचं नाव विचारलं नव्हतं. पोटासाठी या लोकांनी गाडीचे टायर विकले, असं मात्र लिहून ठेवलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे त्या बाईंचं नाव लोकांना कळलं 1978 मध्ये, तेही त्यांनी स्वतः तक्रार केली तेव्हा. फोटोपासून दमडी मिळाली नाही, काढलाच नसता तर बरं, असा त्यांचा सूर होता. टायरांची गोष्ट मुलाने खोडली: विकायला जास्तीचे टायर होतेच कुठे? होते त्याच चार टायरांवर गाडी हाकत आम्ही तिथून निघालो.

केविन कार्टरचा 1993 चा सुदानमधला फोटो, मूल आणि गिधाड, आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर बोधकथा होऊन फिरतो. त्या बोधकथेत फोटोग्राफर पापी आणि पाठवणारा पुण्यवान. ज्याला सगळे मुलगी समजले तो मुलगा होता आणि त्या दुष्काळातून तो वाचला होता, हे कोणी पुढे पाठवत नाही. भोपाळमध्ये 1984 ला पाब्लो बार्थोलोम्यू आणि रघू राय या दोघांनीही दफन होणाऱ्या बाळाचा चेहरा टिपला. पाब्लोंचा फोटो त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो ठरला. बाळ कोणाचं, हे आजवर कळलेलं नाही. इथे मी फोटोग्राफरला दोष देणार नाही. त्या दिवशी नाव सांगायला कोण उरलं होतं!

उलट पावलं टाकणारेही आहेत, आणि त्यातले दोघे आपल्या कामाचे. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं राहिले, गटारापाशी आणि त्यांच्या घरातही. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरे पी. साईनाथ. मुळात लिहिणारे, पण ग्रामीण बायांच्या कामाचे त्यांनी काढलेले फोटो गॅलरीपुरते राहिले नाहीत, कारखान्यांच्या दारात आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांतही लागले. 2014 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर फोटोखाली माणसाचं नाव येतं, गाव येतं, मराठीतही वाचता येतं. मला ते फोटोच्या दर्जाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विदर्भात नाव ही साधी बाब नाही. ढाणकीच्या शेजारी महागाव तालुका, त्यातलं चिलगव्हाण. तिथल्या शेतकऱ्याने 19 मार्च 1986 रोजी बायको-मुलांसह जीवन संपवलं. त्या तारखेला आता राज्यात अनेकजण अन्नत्याग करतात. बाहेरचे कॅमेरे मात्र यवतमाळात थव्याने आले ते जवळपास वीस वर्षांनी. सरकारी मदत एक लाखाची: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी मेलेला माणूस ‘पात्र’ ठरावा लागतो. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर, ते तपासतात. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलेली बाई मेली, तर कागदावर पुष्कळदा शेतकरी मेलेलाच नसतो. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारेही होते. त्यांचा सातबारा कुठून येणार?

स्टुडिओच्या मालकांनी हार्ड डिस्क उघडून दाखवली. फाइलींना नाव, बापाचं नाव, गाव. पुसद-उमरखेडपर्यंतची गावं. इतकी शिस्त कशाला, विचारलं. “लोक परत येतेत ना. पोरीच्या लग्नात बापाचा फोटो मांडायचा राह्यते. काच फुटते, पावसात भिंत ओली होते.” एक-दोन फाइलींना फक्त गाव होतं. ती बघून ते स्वतःवरच चिडले.

निघताना आठवलं, या अंकाच्या संपादकांनी लेखकाचा फोटोही मागितलाय. निळ्या पडद्यापुढे बसलो. मान सरळ, खांदे सैल. त्यांनी न विचारता माझी कॉलर नीट केली, डोळ्याखालची काळी वर्तुळं थोडी फिकी केली आणि कीबोर्डवर बोट ठेवून थांबले.

“गाव कोनतं टाकू?”