दुखणं तेच, पिनकोड वेगळा

‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. म्हणजे आता काही होऊ शकत नाही का? तसं नाही हो. फंडा सोपा आहे: आजार बरा होवो न होवो, वेदना, धाप, उलट्या यांच्यावर उपचार करायचे. मूळ ट्रीटमेंट चालू असतानाच.

अंबड तालुक्यातल्या माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर झाला. रेडिएशनसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खेपा झाल्या. उपचार थांबले, दुखणं थांबेना. काकू फोनवर म्हणायची, ‘‘रात्रभर भिंतीला टेकून बसतात रे.’’ मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन चार मेडिकल फिरलो. ‘‘ते आम्ही ठेवत नाही,’’ हेच उत्तर.

त्याच सुमारास आमच्या टीममधल्या लीड्सच्या कलीगचे वडीलही शेवटच्या स्टेजला होते. त्यांच्याकडे स्पेशालिस्ट नर्स घरी यायची, फोनवर डोस बदलायची. बिल? शून्य.

हा फरक एका दिवसात पडलेला नाही. सिसिली सॉन्डर्सबाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं १९६७ साली. ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र स्पेशालिटी झाली १९८७ मध्ये. आपलं पहिलं हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६ चं. टाटा मेमोरियलमध्ये या विषयाची एमडी सुरू व्हायला मात्र २०१२ उजाडलं. मधल्या काळात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं जंगल उभं केलं, की दुकानदारांनी नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, भीती नाही. लॅन्सेट कमिशनच्या २०१७ च्या हिशेबात भारताची गरज जेमतेम ४ टक्के भागत होती. आणि गंमत बघा, मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती आपल्याच मंदसौर-नीमचच्या शेतात पिकते!

पैसा हेच कारण म्हणाल, तर केरळ बघा. २००८ मध्ये तिथे सरकारी धोरण आलं. गल्लीतले स्वयंसेवक आणि पंचायतीची नर्स मिळून घरोघरी जातात. ते काही लंडन नव्हे.

काकांना अखेर संभाजीनगरच्या एका पेन क्लिनिकमध्ये गोळी मिळाली. दर चार तासांनी एक, सोबत पोट साफ होण्याचं औषध (हे कुणी विसरू नका, मॉर्फिनने पोट हमखास धरतं). तिसऱ्या रात्री ते आडवे होऊन झोपले. पुढे पाच आठवडे जगले. त्यातले बरेचसे त्यांनी ओसरीवर, मोसंबीच्या भावावरून शेजाऱ्यांशी हुज्जत घालण्यात काढले.