पहारेकऱ्याच्या हाती दिवा हवा

सुरत शहरातील कतारगाम हे हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या उद्योगाचे एक प्रमुख केंद्र होय. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे सुरत डायमंड बोर्सच्या विशाल वास्तूचे उद्घाटन झाले. तथापि घंटीवरचे काम आजही कतारगाम, वराछा या भागांतील कारखान्यांत चालते. हा सारा व्यवहार विश्वासावर उभा आहे. मुठीत मावणाऱ्या पुडीत लाखोंचा माल असतो आणि ती दिवसातून अनेक हातांतून फिरते.

या मालाच्या रक्षणासाठी आता बहुतेक कारखान्यांच्या दारांवर कॅमेरे बसले आहेत. सुरत पोलिसांनीही २०१३ पासून नागरिकांच्या साहाय्याने शहरात कॅमेऱ्यांचे जाळे उभारले. परंतु कॅमेऱ्यावर हजारो रुपये खर्चणारे व्यापारी बंधू दिव्याचा विचार क्वचितच करतात, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश टिपणे एवढेच कॅमेऱ्याचे काम. प्रकाश अपुरा पडला की तो एकेक चित्र अधिक वेळ उघडा राहून घेतो आणि चालणारा मनुष्य चित्रात पुसट होतो. अत्यल्प प्रकाशातही दिसते, अशा जाहिरातींतील दावा पुष्कळदा स्थिर वस्तूपुरताच खरा असतो.

तेव्हा प्रथम हे ठरवावे की, चित्राकडून आपणांस काय हवे आहे. केवळ कोणी आले, एवढेच कळावयाचे असेल तर अवरक्त किरणांचा दिवा पुरेसा आहे. त्यातील ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो, पण त्याची मंद तांबूस झाक दिसते. ९४० नॅनोमीटरचा दिवा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी. दोहोंतही चित्र काळे-पांढरे येते. सदऱ्याचा वा वाहनाचा रंग ओळखावयाचा असेल, तर पांढरा एलईडी दिवाच लावावा. जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंगांची ओळख पटत नाही.

दिव्याची जागा हा दुसरा प्रश्न. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो; म्हणून एका झगझगीत दिव्यापेक्षा चार मध्यम दिवे अंतराअंतरावर लावणे श्रेयस्कर. दिवा कॅमेऱ्यासमोर वा येणाऱ्या मनुष्याच्या पाठीशी नसावा, अन्यथा चेहरा काळा पडतो. तो केवळ डोक्यावरही नसावा, कारण डोळ्यांच्या खोबणीत सावली साठते. वाहनांच्या क्रमांकपट्ट्या प्रकाश थेट परतवितात. त्यांच्यासाठी स्वतंत्र कॅमेरा व बेताचा प्रकाश ठेवावा. वीज गेल्यावर कॅमेरा बॅटरीवर चालतो आणि दिवा विझतो, असे होऊ नये. दोघांनाही एकच आधार द्यावा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक विचार आवश्यक आहे. चातुर्मासात दिव्यांभोवती असंख्य जीव येऊन मरतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे त्या मानाने कमी. म्हणून रात्रभर अवरक्त दिवा ठेवून, मनुष्याची चाहूल लागताच पिवळसर छटेचा एलईडी उजळेल अशी योजना उत्तम. कॅमेऱ्याला रंगीत चित्रावर येण्यास क्षणभर लागतो. यास्तव दिवा दारापासून काही पावले आधीच पेटावा. अवरक्त दिवाही कॅमेऱ्यापासून थोडा दूर बसवावा. भिंगाजवळचे कोळिष्टक व पावसाचे थेंब मग चित्र झाकीत नाहीत. झापड लावून दिवा खाली वळविला म्हणजे शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

पुडी हरवली की पहिला संशय बहुधा गरीब रत्नकलाकारावर येतो. अंधुक चित्रात कोणाचाही चेहरा कोणासारखाही दिसतो आणि निर्दोष मनुष्याच्या अब्रूला डाग लागतो. यासाठी व्यापारी बंधूंनी एका रात्री स्वतः दारातून चालून यावे, दुसऱ्या दिवशी ते चित्र पाहावे आणि आपला चेहरा आपणांस ओळखता येतो काय, हे पारखावे. हिरा पारखताना उजेडाची एवढी काळजी घेणाऱ्या आपण मंडळींनी माणसाची पारख अंधारात करू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.