फोनचे कान आणि आपला नंबर

कपड्यांच्या दुकानात बिल करताना, औषधं घेताना, मुलांच्या शिबिराच्या फॉर्मवर, सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत, दिवसभरात आपण आपला मोबाईल नंबर किती ठिकाणी सांगतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण डिजिटल पाळतीचा विषय निघाला की चर्चा भलतीकडेच वळते. फोन आपलं बोलणं ऐकतो का, आपले चॅट कुणी वाचतं का, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावी का. लोकांची भीती खोटी नाही. ती चुकीच्या जागी खर्च होते आहे, एवढंच मला सांगायचं आहे. पाळत ठेवण्यासाठी आपलं बोलणं ऐकावंच लागत नाही. आपणच जागोजागी ठेवलेल्या नोंदी एकमेकींना जोडल्या तरी पुरतं, आणि भारतात त्या जोडण्याचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे आपला दहा आकडी नंबर.

‘फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो’

स्वयंपाकघरात कुणी ‘मिक्सर बदलायला झाला’ म्हणतं आणि संध्याकाळी फोनवर मिक्सरची जाहिरात येते. असा अनुभव आलेल्याला हा योगायोग आहे हे पटवणं अवघड असतं. अमेरिकेतल्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच शंका तपासली. त्यांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली आणि २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. गुपचूप आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप वापरणाऱ्याच्या पडद्यावर काय चाललं आहे याचं चित्रण तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होती.

आवाजी मदतनीसांची गोष्ट मात्र वेगळी. हाक मारल्यावर जागं होणारं यंत्र कधीकधी चुकून जागं होतं, आणि अशा ध्वनिमुद्रणांतले काही तुकडे कंत्राटी कर्मचारी ऐकत होते, हे २०१९मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांबाबत उघड झालं. तेव्हा मायक्रोफोनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावंच.

मग मिक्सर आला कुठून? घरातल्याच कुणीतरी त्याच वायफायवर मिक्सर शोधलेला असतो. नाहीतर आपणच एखाद्या विक्रीच्या साइटवर थोडा वेळ रेंगाळलेलो असतो, आणि तिथे बसवलेल्या फेसबुक किंवा गूगलच्या अदृश्य टिपणयंत्राने ती भेट नोंदवलेली असते. तिसरा मार्ग फारसा कुणाला ठाऊक नाही. दुकानदार आपल्या ग्राहकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवू शकतो. चढवताना प्रत्येक नंबराचं एका गणिती सूत्राने लांबलचक सांकेतिक रूप केलं जातं. जाहिरात कंपनीने आपल्या खातेदारांच्या नंबरांचंही त्याच सूत्राने रूप केलेलं असतं. दोन रूपं जुळली की गिऱ्हाईक सापडलं. ‘आम्ही कुणाचा नंबर उघड केला नाही’ असं दुकान म्हणू शकतं आणि ते शब्दशः खरंही असतं. तरी माणूस ओळखला जातोच.

काउंटरवर नंबर मागितला की तो द्यावाच लागतो, हाही असाच एक समज. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये दुकानदारांना स्पष्ट कळवलं की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह धरता येणार नाही. ‘नंबर देत नाही, कागदी बिल द्या’ एवढं म्हणणं पुरेसं आहे. पोराटोरांना, आईवडिलांना हे वाक्य शिकवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

‘व्हॉट्सॲपवरचं कुणालाच वाचता येत नाही’

अर्धं खरं. २०१६पासून व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. वाटेत कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. पण कुलूप वाटेपुरतं आहे. २०२०मध्ये मुंबईत चित्रपटसृष्टीतल्या लोकांची जुनी चॅट वृत्तवाहिन्यांवर झळकली, तेव्हा अनेकांना वाटलं की हे कुलूप तुटलं. कुलूप शाबूत होतं. संदेश फोनमध्ये साठलेले होते आणि फोन तपास यंत्रणेच्या हाती होते. ड्राइव्हवर जाणारा बॅकअपही आपोआप कुलूपबंद होत नाही. ती सोय २०२१मध्ये आली आणि सेटिंगमध्ये जाऊन ती आपणच सुरू करावी लागते. टेलिग्रामबद्दल तर उलटाच समज पसरला आहे. तिथले साधे चॅट कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आणि दोन टोकांमधलं कुलूप फक्त ‘सीक्रेट चॅट’ला लागतं.

शिवाय मजकूर बंद असला तरी पाकीट दिसतंच. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं ही नोंद वेगळी असते. रात्री अकराला वकिलाला फोन, सकाळी कर्करोग रुग्णालयाला, दुपारी बँकेच्या कर्ज विभागाला. या तीन फोनांतला एकही शब्द न ऐकता त्या घरावर काय बेतलं आहे हे कळतं.

‘लोकेशन बंद केलं की आपण कुठे आहोत ते कळत नाही’

जीपीएस बंद केल्याने ॲपना अचूक ठिकाण मिळत नाही, हा फायदा आहेच. मोबाईल टॉवरला मात्र फोन कुठे आहे हे कळावंच लागतं, त्याशिवाय रिंग वाजणार नाही. प्रत्येक कॉलची नोंदही कंपनीकडे राहते. अशा नोंदींना पोलीस आणि वकील ‘सीडीआर’ म्हणतात. कोणत्या टॉवरखालून, कुणाला, किती सेकंद, हे सगळं त्यात असतं. डिसेंबर २०२१पासून दूरसंचार कंपन्यांना या नोंदी निदान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात.

गुन्ह्याच्या तपासात सीडीआरचा उपयोग मोठा आहे, आणि म्हणूनच त्याला बाजारभावही आहे. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणारं जाळं पकडलं, त्यात खासगी गुप्तहेरही सापडले. अशा नोंदींची गिऱ्हाइकं म्हणजे कुणी परदेशी हेर नव्हेत. जोडीदारावर संशय घेणारे, धंद्यातले भागीदार, वाद घालणारे नातेवाईक अशी आपल्या ओळखीची माणसं. पाळत म्हणजे सरकारचं काम, हा समज म्हणूनच मला फार धोकादायक वाटतो. नोंद एकदा तयार झाली की तिच्यापर्यंत कोण पोहोचेल हे ती तयार करणाऱ्याच्या हातात उरत नाही.

‘आम्ही नाव काढून टाकतो, माहिती निनावी असते’ असं कंपन्या सांगतात. २०१३मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख मोबाईलधारकांच्या १५ महिन्यांच्या निनावी नोंदी संशोधकांनी तपासल्या. एखाद्याची ठिकाण आणि वेळ यांची चार टिपणं हाती असली की ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढ्यावरून घर नि नोकरी दोन्ही कळतात. मग नाव शोधायला कितीसा वेळ लागणार?

‘सरकारला वाटलं की कुणाचाही फोन टॅप करता येतो’

नाही. ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये मर्यादा घालून दिल्या: टॅपिंगचा आदेश गृहसचिवाचा हवा, तो कारणांसह लेखी हवा, त्याचा आढावा समितीने घ्यायला हवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे केंद्रीय गृह खात्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. लाचखोरीचा आरोप गंभीर असला, तरी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कायद्यातल्या अटी तिथे बसत नव्हत्या.

पण या साखळीत कुठेही न्यायाधीश नाही. आदेश अधिकारी देतात, आढावाही अधिकारीच घेतात, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला पुढेही कुणी कळवत नाही. आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव माझ्या मते हीच आहे.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. खरक सिंग यांच्याकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. उत्तर प्रदेशातल्या या गृहस्थांवर १९४१मध्ये दरोड्याचा संशय आला आणि पुराव्याअभावी ते सुटले. तरीही पोलिसांनी त्यांचं नाव पाळतीच्या वहीत घातलं. रात्री-बेरात्री शिपाई दार ठोठावत, आरडाओरडा करून झोपेतून उठवत. गावाबाहेर जायचं तर चौकीदाराला सांगावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं मानायला बहुमत तयार झालं नाही. त्यासाठी आणखी ५५ वर्षं जावी लागली. निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. निर्दोष माणसाला खासगीपणा कशाला हवा, या प्रश्नाचं उत्तर खरक सिंग यांच्या दारावरच्या त्या थापांमध्ये आहे.

आणि हे फक्त पोलिसांपुरतं नाही. २०१७मध्ये उत्तर प्रदेशातल्या काही रिचार्जच्या दुकानांतून तिथे येणाऱ्या मुलींचे नंबर ५० ते ५०० रुपयांना विकले जात असल्याची बातमी आली. भाव मुलीच्या दिसण्यावरून ठरे. त्या मुलींनी काय लपवायचं होतं? त्या फक्त रिचार्ज करायला गेल्या होत्या.

२०२१मध्ये डॉमिनोज इंडियाच्या ग्राहकांचा डेटा फुटला. चोरट्यांनी १८ कोटी ऑर्डरींचा दावा केला आणि शोधायची सोयही करून दिली: नंबर टाका, त्यावरून आलेल्या ऑर्डरी आणि पत्ते पाहा. आर्थिक माहिती सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं. पण एखादी बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहत असेल, तर तिच्यासाठी कार्डाच्या नंबरापेक्षा पत्ता कितीतरी मोलाचा आहे.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करण्याची, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’ची फसवणूकही याच मातीत उगवते. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरी शिकलेसवरलेले निवृत्त लोक आयुष्यभराची पुंजी घालवून बसतात. पलीकडच्याला आपलं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे ठाऊक असले की तो अधिकारीच असणार, असं वाटून जातं. फसलेल्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मूर्खपणा त्यांचा नव्हे, हलगर्जीपणा त्यांची माहिती सांडणाऱ्यांचा आहे. असा कॉल आला तर तो बंद करावा आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं.

आधार, इन्कॉग्निटो आणि न घेतलेलं ॲप

नुसता आधार क्रमांक कळला म्हणून बँक खातं रिकामं होत नाही. पण आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सेवेत क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठ्याचा ठसा एवढ्यावर काम होतं, ओटीपी लागत नाही. जमिनीच्या दस्तऐवजांवरचे ठसे उतरवून त्यांच्या नकला केल्याची प्रकरणं अनेक राज्यांत पोलिसांपर्यंत आली आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. झेरॉक्सही शेवटचे चारच आकडे दाखवणाऱ्या ‘मास्क्ड’ आधारची द्यावी. सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच रद्द केली आहे.

इन्कॉग्निटो खिडकी आपल्या फोनवर इतिहास ठेवत नाही, बस. इंटरनेट कंपनी आणि साइट आपल्याला पाहतच असतात. यावरून अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

‘मी ते ॲप घेतलेलंच नाही’ हाही दिलासा पोकळ आहे. आपल्या मेव्हण्याने, शेजाऱ्याने, दुधवाल्याने आपली संपर्कयादी ॲपला वाचू दिली की आपला नंबर आणि त्यांनी लिहिलेलं नाव दोन्ही पोहोचलं. म्हणूनच संपर्कयादीची परवानगी देताना विचार स्वतःपुरता करून चालत नाही. त्या यादीत इतर शेकडो माणसं असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. यूपीआय आयडीतही पुष्कळदा नंबरच असतो. ॲपमध्ये दुसरा आयडी करून घेता येतो, विशेषतः मुलींनी तो करावाच.

‘आता कायदा आला, काळजी मिटली’

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक रुपयाही मिळणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलमही त्या मुख्य बंधनांबरोबरच या कायद्याने रद्द होणार आहे. सरकारी यंत्रणांना देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी कायद्याबाहेर ठेवायची मुभा केंद्राला आहे. एवढी मोठी मुभा देणं मला मान्य नाही.

तरी ‘कायद्याने काय होणार’ म्हणून हात झटकणंही चूक. ती बंधनं लागू झाली की आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारता येईल, दिलेली संमती मागे घेता येईल, नको असलेली माहिती पुसायला सांगता येईल. हे दुकानाला लागू असेल तसंच शिकवणीच्या वर्गाला आणि रुग्णालयालाही. माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचनाही द्यावी लागेल, आणि ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय पाचव्या कलमाने दिला आहे. इंग्रजी सूचना पुढे सरकवून ‘इथे टिक करा’ म्हणणाऱ्याकडे ती मराठीत मागायची, आणि वाचून होईपर्यंत टिक करायची नाही.