छताला रंग देण्याआधी ओल शोधा

दिवाळी तोंडावर आली की मुंबई-ठाण्यात छताचे पोपडे खरवडून, पुट्टी भरून डिस्टेंपरचे दोन हात मारले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पिवळा डाग पुन्हा उमटतो. शिव्या रंगाऱ्याला बसतात, पण दोष बहुधा पाण्याचा असतो. स्लॅबमधून झिरपताना ते सिमेंटमधले क्षार घेऊन येते. पाणी सुकते, क्षार रंगाखाली पांढऱ्या भुकटीसारखे साठतात आणि थर उचलतात. म्हणून डागावर हातभर प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवावे. स्लॅबकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल वरून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती घरातली वाफ, तिला एक्झॉस्ट फॅन पुरतो. (पाऊस नसताना, मे महिन्यात केलेली ही चाचणी मात्र पावसाच्या गळतीबद्दल काहीच सिद्ध करत नाही.)

आतून वॉटरप्रूफ रंग मारला की भागते, असे सांगणारे पुष्कळ. त्याने डाग काही काळ झाकला जातो, हे खरे. पण पाण्याची वाट तशीच राहते. ते स्लॅबमध्ये मुरते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीट फुटून खपल्या पडतात. म्हणून गळती वरून, गच्चीवरच थांबवावी लागते. ते काम परवडत नाही, ही अडचणही पूर्ण खरी नाही. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे. त्यासाठी संस्थेकडे लेखी अर्ज द्यावा, आणि रंगाचा डबा गळती थांबल्यावर आणावा.