गच्चीवरची शाळा

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनाजवळ लोरेटो डे स्कूल आहे. मुलींची ही नावाजलेली इंग्रजी शाळा १८५७ सालची. फलाटावर कागद-बाटल्या वेचणारी, फुटपाथवर झोपणारी मुलं तिच्या फाटकावरून रोज जात. १९७९मध्ये सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या आणि हे फाटक त्यांना डाचू लागलं.

सिरिल मूळच्या आयर्लंडमधल्या ब्रे गावच्या. जन्म १९३६चा. विशीत, १९५६मध्ये, लोरेटो या कॅथलिक संघाच्या जोगीण म्हणून भारतात आल्या, त्या कायमच्याच. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली ही बाई आयुष्यभर रमली ती शाळेत.

सुरुवातीला शाळेत फी न भरणाऱ्या मुली थोड्या होत्या. सिरिलनी त्यांची संख्या वाढवत नेली. पुढे जवळपास निम्म्या मुली गरीब घरांतल्या झाल्या. पण रस्त्यावरच्या मुलीला घंटा, गणवेश, हजेरी जमणार कशी? १९८५मध्ये ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. मुलगी येईल तेव्हा शाळेची गच्ची तिच्यासाठी उघडी. तिला शिकवायची कोण? तर गच्चीखालच्या वर्गांतली, पाचवीपासून पुढची विद्यार्थिनी. कार्यानुभवाच्या तासाला एक मुलगी दुसरीसमोर पाटी घेऊन बसे. तयारी झाली की ‘रेनबो’ची मुलगी वयानुसार नेहमीच्या वर्गात जाई. रात्री राहायला जागा नसलेल्या मुली शाळेतच झोपू लागल्या.

शिकवणारीलाही यातून काही मिळत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. या मुली आठवड्यातून एकदा खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत शिकवायला जात. घरकामाला जुंपलेल्या लहान मुलींशी त्या ओळख काढत. वर्गात पहिल्या क्रमांकाच्या चढाओढीपेक्षा एकमेकींना सोबत घेऊन जाण्याला मान होता. दुसरीकडे, गावातल्या जेमतेम शिकलेल्या तरुण-तरुणींना सिरिलनी ‘अनवाणी शिक्षक’ म्हणून तयार केलं. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांपर्यंत हे काम पोचलं.

लेखणीही याच कामाला जुंपलेली होती. ‘वी आर द वर्ल्ड’ ही मूल्यशिक्षणाची पुस्तकमाला त्यांनी शाळांसाठी लिहिली.

१९९४मध्ये शाळेला युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार मिळाला, २००७मध्ये सिरिलना पद्मश्री. ‘रेनबो’चं वारं पुढे लोरेटोच्या इतर शाळांत गेलं.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. आपल्याकडे त्यावरून दरवर्षी वाद होतात. अल्पसंख्याक शाळांना तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये या कायद्यातून वगळलं. म्हणजे सियालदहच्या या ख्रिस्ती शाळेवर आज ही सक्ती नाही. तिथे जवळपास निम्म्या जागा मात्र कायद्याच्या कितीतरी आधीच गरीब मुलींनी भरलेल्या होत्या.

सिस्टर सिरिल २४ जून २०२३ रोजी गेल्या. वय ८६. भारतात त्या ६७ वर्षं राहिल्या.